तुरटीने न निवळलेले पाणी : एका निवासी शाळेतील प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

दक्षिण कोकणातील एका निवासी शाळेत काही वर्षांपूर्वी जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात घडलेली ही हकीकत आहे. शाळेचे नाव आणि गाव दिलेले नाही. रसायनशास्त्राचा भाग मात्र जसा घडला तसा मांडला आहे. मी त्या वेळी तालुक्याच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होतो, आणि शाळेचे अधीक्षक माझे परिचित असल्यामुळे या प्रकरणात ओढला गेलो.

शाळेत १४० मुले-मुली राहत. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी रोज सुमारे ७०० लिटर पाणी लागे. जांभ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या विहिरीतून पंपाने वर चढवलेले हे पाणी एक-एक हजार लिटरच्या दोन काळ्या प्लास्टिकच्या टाक्यांत साठवले जाई. अंघोळीचे आणि कपड्यांचे पाणी ओढ्यावरून येत असल्याने त्याचा येथे संबंध नाही. त्या उन्हाळ्यात विहिरीच्या वरच्या अंगाला रस्त्यासाठी डोंगर कापला गेला होता आणि कापलेली लाल माती उतारावर तशीच पडून होती. पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री ती माती विहिरीत उतरली. सकाळी टाकीच्या नळाला गेरू कालवल्यासारखे पाणी आले.

अडचण

पाणी गढूळ होणे कोकणात नवे नाही, आणि पहिले दोन दिवस कोणी फारसे मनावरही घेतले नाही. मोठी रेती आणि पालापाचोळा टाकीच्या तळाशी बसला, पाण्याचा गडद लाल रंग उतरला आणि त्याला दुधात हळद पडल्यासारखा फिकट पिवळसर रंग आला. मात्र तो रंग पुढे उतरेना. चौपदरी फडक्यातून गाळले तरी फडक्यावर जेमतेम थोडी माती राही आणि खालच्या कळशीत तसेच पिवळट पाणी जमे. कार्यालयातल्या मेणबत्तीच्या फिल्टरमधून पाणी स्वच्छ येत होते, परंतु अर्ध्या तासात मेणबत्तीवर साय धरल्यासारखा थर बसून धार बंद पडत होती.

तिसऱ्या दिवशी अधीक्षकांनी घरोघरी करतात तेच केले. किराणा दुकानातून तुरटी आणली, खडा फडक्यात बांधला आणि टाकीत फिरवला. पाणी निवळले नाही. त्यांनी मला फोन केला तेव्हा मी पाणी पाहिलेले नव्हते, कोणतीही मोजणी झालेली नव्हती. तरीही तुरटी कमी पडत असेल, थोडी वाढवून पाहा, असे मी सांगून मोकळा झालो. या प्रकरणातला पहिला चुकीचा निर्णय माझा होता. माझ्या सांगण्यावरून त्यांनी मात्रा वाढवत वाढवत हजार लिटरला पाव किलोपर्यंत नेली. पाणी गढूळच राहिले, वर चवीला तुरट झाले आणि मुले ते पिईनात. टीसीएल पावडर (पाणी निर्जंतुक करणारी क्लोरीनची भुकटी) घातली होती, पण पाण्यात शिल्लक क्लोरीन असल्यास पिवळा रंग दाखवणाऱ्या ओटी चाचणीत तो रंग दिसत नव्हता. म्हणजे घातलेला क्लोरीन गाळातच खर्ची पडत होता आणि जंतूंसाठी काही शिल्लक उरत नव्हता.

पाचव्या दिवशी मी शाळेत गेलो. सगळ्यांत उपयोगी माहिती स्वयंपाकघरातून मिळाली. स्वयंपाक करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "डाळ शिजतच नाय, सर. दोन तास झाले तरी कणी तशीच. आमसूल आधीच टाकलं का कोणी, म्हणून मी पोरींना विचारलं." आमटीला चिंच-आमसूल डाळ शिजल्यानंतरच लावतात, कारण आंबट पाण्यात डाळ लवकर मऊ पडत नाही, हे प्रत्येक घरात ठाऊक असते. मावशींचा संशय चुकीच्या वस्तूवर असला तरी निदान अचूक होते : पाणी आम्लधर्मी झाले होते. पीएच कागदाने ते लगेच दाखवले; पीएच ७ च्या जितका खाली, तितके पाणी अधिक आम्ल. विहिरीतल्या पाण्याचा पीएच ६.३ च्या आसपास होता, तर टाकीतल्या पाण्याचा ४ आणि ४.५ यांच्या मध्ये.

नेमके काय होते

दोन प्रश्न वेगवेगळे करणे आवश्यक होते. पाण्यात उरलेला गढूळपणा कोणत्या प्रकारचा आहे, हा पहिला. आणि तुरटीने काम का केले नाही, हा दुसरा.

पहिल्यासाठी प्रयोगशाळेतल्या दिव्याचीही गरज पडली नाही. विहिरीचे पाणी काचेच्या बरणीत दोन दिवस स्थिर ठेवलेले होते. त्यातले वरचे पाणी गाळणकागदातून गाळून घेतले, खोली काळोखी केली आणि लेझर पॉइंटरचा किरण त्यातून सोडला. किरणाची लाल रेघ बरणीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत स्पष्ट दिसली. शेजारच्या बरणीत मिठाचे स्वच्छ द्रावण होते, त्यात रेघ जवळपास दिसलीच नाही. हा टिंडल परिणाम होय. द्रावणातले कण प्रकाश विखुरण्याच्या मानाने फारच लहान असतात, निलंबनातले कण खाली बसतात किंवा कागदावर अडतात. जे कागदातून जाते, खाली बसत नाही आणि तरीही किरणाची वाट दाखवते ते कलिल. त्याच्या कणांचा आकार ढोबळमानाने १ ते १,००० नॅनोमीटर असतो. नेहमीच्या गाळणकागदाची छिद्रे काही हजार नॅनोमीटरची असतात आणि धोतराच्या फडक्याची तर त्याहून कितीतरी मोठी, त्यामुळे अधीक्षकांचे चौपदरी फडके या कणांना अडवील अशी अपेक्षाच चुकीची होती.

हे कण खाली का बसत नाहीत, याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे ते इतके लहान असतात की पाण्याच्या रेणूंचे धक्के त्यांना सतत इकडेतिकडे ढकलत राहतात. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे म्हणजे नैसर्गिक पाण्यातल्या मातीच्या कणांवर निव्वळ ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर सारतात आणि जवळ येऊन मोठे होऊ शकत नाहीत. दुधाचे उदाहरण मी मुलांना दिले. दूध फडक्यातून गाळले तर सगळेच खाली जाते. त्यात लिंबू पिळून ते नासवले की तेच फडके चोथा धरून ठेवते. फडके तेच असते, बदललेले असते दूध. घरगुती साधनांनी कलिल गाळता येत नाही. आधी त्याचे कलिलपण मोडावे लागते.

तुरटी तेच करते. १८८२ मध्ये शुल्झे आणि १९०० मध्ये हार्डी या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, कलिल साकळवण्याची, म्हणजे त्याचे कण एकत्र गोळा करण्याची, आयनाची (विद्युतभारित कणाची) ताकद त्याच्या भाराबरोबर झपाट्याने वाढते. तुरटीतला ॲल्युमिनिअम तीन धनभारांचा आहे, म्हणून थोड्या मात्रेत तो ऋणभारित मातीचा भार मारू शकतो. पण पाणी निवळण्यात याहून मोठा वाटा दुसऱ्या क्रियेचा असतो. पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटशी संयोग होऊन ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइडचे पांढरट, कापसासारखे पुंजके तयार होतात आणि ते खाली जाताना जाळ्यासारखे मातीचे कण ओढून नेतात. यासाठी पाण्यात पुरेशी क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची क्षमता, असावी लागते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. जांभ्यातून झिरपलेल्या पाण्यात क्षार फार कमी असतात. महाविद्यालयात नेलेल्या १०० मिलिलिटर नमुन्याचे मिथिल ऑरेंज दर्शक वापरून अनुमापन केले, तेव्हा एन/५० तीव्रतेचे सौम्य गंधकाम्ल अवघे १.८ मिलिलिटर लागले; म्हणजे क्षारता कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने लिटरला १८ मिलिग्रॅम. किराणा दुकानातली पारदर्शक खड्याची पोटॅश तुरटी दर मिलिग्रॅममागे सुमारे ०.३२ मिलिग्रॅम क्षारता खाते. लिटरला ५७ मिलिग्रॅम तुरटीतच पाण्यातली सगळी क्षारता संपणार होती, आणि आम्ही घातली होती २५०. त्यापुढच्या तुरटीने पुंजके बनवण्याऐवजी पाणी आम्ल केले. शिवाय ॲल्युमिनिअम अति झाल्यास कणांवरचा भार शून्यावर न थांबता उलटतो, कण धनभारित होतात आणि पुन्हा एकमेकांना दूर सारू लागतात. मी फोनवर दिलेल्या सल्ल्याने पाणी निवळण्यापासून आणखी लांब गेले होते.

विचारात घेतलेले पर्याय

सातवी ते दहावीच्या मुलांना मी पर्याय सुचवायला सांगितले, आणि त्यांनी पाठ्यपुस्तकातल्या पृथक्करणाच्या जवळपास सगळ्या पद्धती फळ्यावर लिहिल्या.

वाट पाहणे हा पहिला पर्याय होता. स्थिर पाण्यात १० मायक्रोमीटरचा गाळाचा कण एक मीटर खाली जायला दोनेक तास घेतो, १ मायक्रोमीटरचा साधारण आठवडा आणि ०.१ मायक्रोमीटरचा सुमारे दोन वर्षे. हा हिशेबही पाणी अजिबात न हलणाऱ्या टाकीचा आहे. पर्याय तेथेच मिटला.

एका मुलीने ऊर्ध्वपातन सुचवले, आणि तात्त्विकदृष्ट्या तिचे उत्तर निर्दोष होते. आम्ही हिशेब मांडला. एक लिटर पाणी तापवून त्याची वाफ करायला सुमारे २,६०० किलोज्यूल उष्णता लागते, १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण साडेसहा लाख किलोज्यूल असतात आणि त्यांतली निम्मी भांड्याला लागते असे धरले, तर एका सिलिंडरमागे १२०-१३० लिटर पाणी हाती येते. रोज पाच-सहा सिलिंडर, शिवाय वाफ थंड करण्याची सोय वेगळीच. पुस्तकात या पद्धती एका तक्त्यात शेजारी शेजारी बसलेल्या असतात, त्यांच्या खर्चातला फरक तक्त्यात दिसत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

पाणी नुसते उकळण्याने जंतू मरतात, गढूळपणा जात नाही. तरीही त्या आठवड्यासाठी तो तात्पुरता उपाय म्हणून लगेच स्वीकारला. टाकीतले तुरटीचे पाणी सोडून द्यायचे आणि मुलांना प्यायला विहिरीचे पाणी गाळून, उकळूनच द्यायचे, हा त्या दिवसाचा पहिला निर्णय होता. टँकरची चौकशी झाली, पण तो दोन दिवसांआड येणार होता आणि त्याच्या पाण्याची हमी कोणी देत नव्हते.

शेवग्याच्या बियांचा पर्याय मावशींनीच काढला. त्यांच्या माहेरी वाटलेल्या बिया हंड्यात टाकत. ही रीत निराधार नाही; शेवग्याच्या बीमध्ये धनभारित प्रथिने असतात, ती मातीचे कण साकळवतात आणि पाण्याची क्षारता खात नाहीत, म्हणजे आमच्या पाण्यासाठी ती तुरटीपेक्षा सरसच ठरली असती. अडचण दोन ठिकाणी होती. रोज ७०० लिटरला पुरतील इतक्या वाळलेल्या बिया पावसाळ्यात मिळणे अवघड, आणि बियांतला इतर सेंद्रिय अंश पाण्यात राहून ते पाणी दुसऱ्या दिवशी वास मारू लागते.

खाडीकाठच्या एका मुलाची सूचना मला सर्वांत आवडली. पावसात नदी लाल असते, पण खाडीच्या तोंडाशी खारे पाणी लागले की गाळ खाली बसतो आणि चिखल वाढतो. मग पाण्यात मीठच का घालू नये, असे त्याने विचारले. आम्ही एका बरणीत मीठ घालून ठेवले आणि रात्रभरात पाणी खरोखरच निवळले. फक्त ते पिता येण्याजोगे उरले नव्हते. सोडिअम एकाच भाराचा असल्यामुळे त्याची मात्रा ॲल्युमिनिअमच्या कित्येक पट लागते, हा शुल्झे-हार्डी नियम त्या मुलाने स्वतःच्या गावच्या खाडीवरून शोधून काढला होता.

शेवटी उरले ते असे : तुरटी कमी करायची आणि पाण्याला नसलेली क्षारता चुन्याने पुरवायची. कमी क्षारता खाणारे पॉली ॲल्युमिनिअम क्लोराइड, ज्याला पाणीपुरवठ्याच्या कामात पीएसी म्हणतात, ते अधिक सोयीचे ठरले असते, पण त्या आठवड्यात ते तालुक्यात मिळाले नाही.

बरण्यांतली चाचणी

टाकीत काही घालण्यापूर्वी एक-एक लिटरच्या सहा बरण्या मांडल्या. दहा ग्रॅम तुरटी एक लिटर पाण्यात विरघळवली, म्हणजे त्यातला एक मिलिलिटर बरणीत टाकला की मात्रा लिटरला १० मिलिग्रॅम होते. मोजायला औषधाची सिरिंज पुरते. चुना तोलण्याचा खटाटोप टाळण्यासाठी विरलेला चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला आणि वरची चुन्याची निवळी वापरली. निवळीत लिटरला सुमारे १.६ ग्रॅम चुना विरघळलेला असतो, त्यामुळे १० मिलिलिटर निवळी म्हणजे १६ मिलिग्रॅम चुना.

पहिल्या फेरीत फक्त तुरटी होती, १० पासून ६० मिलिग्रॅमपर्यंत. २० आणि ३० च्या बरण्यांत टाचणीच्या डोक्याएवढे कण दिसले, पण ते बसेनात. ६० च्या बरणीत काहीच नाही. दुसऱ्या फेरीत सर्व बरण्यांत तुरटी ४० मिलिग्रॅम ठेवून निवळी वाढवत नेली. पाच मिलिलिटरला पुंजके दिसू लागले. दहाच्या बरणीत मात्र पाचव्या मिनिटाला पाणी जणू फाटले : पिवळट रव्यासारखे पुंजके आणि त्यांच्यामधून आरपार दिसणारे पाणी. अर्ध्या तासाने तळाशी बोटभर मऊ साका होता आणि बरणीमागे धरलेल्या वहीच्या रेघा मोजता येत होत्या. पीएच कागदावर ६.८ च्या जवळ रंग आला. वीस मिलिलिटर निवळीच्या बरणीत पीएच ८ च्या पुढे गेला आणि पाणी पुन्हा किंचित धूसर राहिले, कारण ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइड आम्लात जसे विरघळते तसेच ते अल्कलीतही विरघळू लागते. चुना जास्त झाला तरी चालेल, असा अधीक्षकांचा समज त्या बरणीने दूर केला.

टाकीवरचे काम

हजार लिटरला ४० ग्रॅम तुरटी आणि १० लिटर निवळी, असे प्रमाण ठरले. आधी घातलेल्या तुरटीच्या सहाव्या भागापेक्षाही ही मात्रा कमी होती, आणि अधीक्षकांना ते पटवून द्यायला बरणी दाखवावी लागली.

बरणीत जमलेले टाकीत पहिल्या दिवशी जमले नाही. शिपायाने निवळी घातली, तुरटीचे द्रावण ओतले आणि बांबूने पंधरा मिनिटे जोरजोरात घुसळले. पहिले मिनिटभर जोर हवाच असतो, कारण तुरटी सगळीकडे झटकन पसरावी लागते. पुढची पंधरा मिनिटे मात्र भात ढवळावा तसा हलका हात हवा, नाहीतर जुळलेले पुंजके पुन्हा तुटतात. हे सांगायला मी विसरलो होतो. दुसऱ्या खेपेला पुंजके उत्तम बसले, पण टाकीचा नळ अगदी तळाला असल्यामुळे तोटी उघडताच साकाच बाहेर आला. मग नळ बंद ठेवून वरून रबरी नळी सोडली, तिचे तोंड तळापासून वीतभर वर राहील असे दगड बांधून ठेवले आणि वरचे पाणी वक्रनलिकेने काढले. तेथून पाणी वाळू आणि बारीक खडी भरलेल्या पिंपातून गाळून दुसऱ्या टाकीत नेले. जी वाळू आठ दिवसांपूर्वी निरुपयोगी ठरली असती, ती आता उरलेसुरले पुंजके सहज धरत होती. शेवटी टीसीएल हजार लिटरला पाच ग्रॅम, आणि अर्ध्या तासाने ओटी चाचणी.

निष्पत्ती

आठव्या दिवशी ओटी चाचणीत पहिल्यांदा पिवळा रंग आला. प्रयोगशाळेकडे पाठवलेल्या नमुन्यांचा अहवाल नंतर मिळाला : विहिरीच्या पाण्याचा गढूळपणा ८६ एनटीयू (गढूळपणा मोजण्याचे एकक), प्रक्रिया केलेल्या पाण्याचा ३. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याला १ एनटीयू ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ५ पर्यंत चालते, म्हणजे आम्ही दुसऱ्या मर्यादेच्या आत आलो होतो, पहिल्या नाही. डाळ तासाभरात शिजू लागली. पिंपातल्या वाळूचा वरचा थर दर चार दिवसांनी खरवडून धुवावा लागे, आणि पाऊस जोराचा झाला की बरण्यांची चाचणी पुन्हा करावी लागे, कारण गढूळपणा बदलला की मात्रा बदलते. हे काम दहावीच्या दोन मुलींनी अंगावर घेतले आणि पावसाळा संपेपर्यंत वहीत नोंदी ठेवल्या.

वेगळे काय करता आले असते

पाणी न पाहता दिलेल्या सल्ल्याबद्दल वर लिहिलेच आहे. पीएच कागदाची पट्टी शाळेच्या प्रयोगशाळेत कपाटातच होती. फोनवर मी एवढेच विचारले असते की तुरटी घालण्यापूर्वी आणि नंतर कागद कोणता रंग दाखवतो, तर दोन दिवस वाचले असते. मावशींनाही कोणी आधी विचारले नाही. डाळ न शिजल्याची कुरकूर चौथ्या दिवसापासून होती, पण ती स्वयंपाकघराची तक्रार मानली गेली, पाण्याची नव्हे.

विहिरीची क्षारता मे महिन्यातच मोजायला हवी होती, कारण तुरटी चालेल की नाही हे त्या एका आकड्यावर बरेचसे ठरते. त्याहूनही आधी, रस्त्याच्या कापणीखाली आडवा चर खणून लाल पाणी विहिरीपासून वळवायला हवे होते. तो चर पुढच्या वर्षी खणला गेला आणि त्या जूनमध्ये चुन्याची गरज फक्त तीनदा पडली.

एक गोष्ट राहून गेली ती राहूनच गेली. पीएच ४ च्या पाण्यात ॲल्युमिनिअम विरघळलेल्या रूपात राहतो आणि पिण्याच्या पाण्यात त्याची कमाल मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे. पाव किलो तुरटीचे ते पाणी मुलांनी दीडेक दिवस थोडेफार प्यायले होते, आणि ते सोडून देण्यापूर्वी त्याची एक बाटली भरून ठेवण्याचे माझ्या लक्षात आले नाही.